वाचकांचे प्रश्न : यंदाचा कॉलेजचा बास्केटबॉल संघ कसा जोखायचा?

प्रवेश उरकत आले की मराठवाड्यातल्या कॉलेजांत जिमखान्याच्या फळ्यावर निवड चाचणीच्या तारखा लागतात. या वेळच्या टपालात बास्केटबॉलची पत्रं बरीच होती. बहुतेकांची काळजी एकच, गेल्या वर्षीचे भरवशाचे खेळाडू बाहेर पडले, आता यंदा काय होणार? त्यातले सहा प्रश्न घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे, कारण बाकीच्यांनाही त्यातली आकडेमोड लागेल.

गेल्या वर्षी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमचा मुलांचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्यातले तिघे पदवी घेऊन बाहेर पडले: सामन्याला सरासरी १७ गुण काढणारा पोस्ट (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू), बॉल आणणारा गार्ड आणि एक फॉरवर्ड. चारही सामन्यांत कुणी किती मिनिटं खेळलं, किती शॉट घेतले, याच्या नोंदी आहेत. त्या सोबत जोडल्या आहेत. सध्या पोस्टच्या जागी उंच मुलगा शोधतो आहोत. यंदा कितपत अपेक्षा ठेवावी?
— शारीरिक शिक्षण संचालक, बीड जिल्हा

मिनिटांची नोंद ठेवलीत, म्हणून तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर देता येतं. बहुतेक कॉलेजांत गुणांपलीकडे काही लिहिलेलंच नसतं.

सामना १०-१० मिनिटांच्या चार क्वार्टरचा, मैदानावर पाच जण. म्हणजे एका सामन्यात तुमच्याकडे वाटायला २०० मिनिटं असतात. तुमच्या कागदावर गार्डची ३६, पोस्टची ३२ आणि फॉरवर्डची २८ अशी ९६ मिनिटं गेली. उरलेल्या सात जणांची ३०, २६, १६, १२, १०, ६ आणि ४ अशी १०४ मिनिटं परत येत आहेत. निम्म्याहून थोडी जास्त. गुणांचा हिशेब मात्र भीतीदायक दिसतो: सरासरी ५४ पैकी ३४ गुण काढणारे गेले आणि २० काढणारे राहिले. म्हणून सगळ्यांचं लक्ष पोस्टकडे लागलं आहे.

पण पोस्टबरोबर त्याचे शॉट जात नाहीत, ते दुसरं कुणीतरी घेणारच. तुमच्या नोंदीत त्याने सामन्याला १८ शॉट घेऊन ७ टाकले, म्हणजे ३९ टक्के. बाकीच्यांनी ४४ पैकी १५ टाकले, ३४ टक्के. तेच १८ शॉट बाकीच्यांनी ३४ टक्क्यांनी टाकले तर १२ गुण येतात. पोस्टचे मैदानी गुण १४ होते, ३ फ्री थ्रोचे, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचे. म्हणजे १७ गुणांची खोट कागदावर फार तर पाचाची ठरते. प्रत्यक्षात ती थोडी वाढेल. त्याच्यावर दोघे धावून जायचे म्हणून बाहेरच्यांना मोकळे शॉट मिळत होते, ते यंदा तितके मिळणार नाहीत. तरीसुद्धा ही भरून निघणारी खोट आहे.

आमच्या मते तुमची खरी अडचण गार्डची आहे. ४० पैकी ३६ मिनिटं एकच मुलगा बॉल आणत होता, आणि तो असतानाही संघाचे सामन्याला २१ टर्नओव्हर झाले, म्हणजे शॉट न घेताच बॉल समोरच्यांकडे गेला. त्याच्या जागी कच्चा मुलगा आला आणि समोरच्याने पूर्ण मैदानात प्रेस लावला, म्हणजे बॉल आत आल्यापासूनच अंगावर येऊन अडवलं, तर पोस्ट कितीही उंच आणा, बॉल त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

हे आकड्यांत पाहू. संघाच्या वाट्याला किती वेळा बॉल आला, म्हणजे किती पझेशन मिळाली, ते काढायचं सूत्र असं: घेतलेले शॉट, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४४, वजा आपल्याच चुकलेल्या शॉटवर घेतलेले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर. तुमचे आकडे घातले तर ६२ + (१८ × ०.४४) − १४ + २१, म्हणजे जवळपास ७७. त्यातल्या २१ वेळा शॉटच झाला नाही. उरलेल्या ५६ वेळांत ५४ गुण, म्हणजे बॉल शाबूत राहिला की दर वेळी जवळजवळ एक गुण. टर्नओव्हर २१ वरून १५ वर आणलेत, तर बाकी काही न बदलता सहाएक गुण वाढतात. फ्री थ्रो १८ पैकी ८ लागत होते. १२ लागले तर आणखी चार. हे दहा गुण नवा पोस्ट न मिळताही तुमच्या हातात आहेत.

गार्ड ठरवायची चाचणी अशी घ्या. सराव संपत आला, मुलं दमली, की एकाला बेसलाइनमागून बॉल द्या आणि दोघांना त्याच्या अंगावर सोडा. ८ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची. प्रत्येक उमेदवाराला दहा वेळा. सात किंवा जास्त वेळा सुखरूप आला तर तो सामन्यात टिकेल. पाच-सहा वेळा आला तर दुसऱ्या क्रमांकाचा गार्ड. ताज्या पायांवर घेतलेल्या चाचणीचा भरवसा धरू नका, कारण चौथ्या क्वार्टरमध्ये पाय ताजे नसतात. असे दोघे हवेतच. एकाचे पाच फाउल झाले की सामना दुसऱ्याच्या हातात येतो.

इथे एक चूक सर्रास होते. गार्ड गेला की संघातल्या सर्वांत चांगल्या शूटरलाच बॉल आणायला लावतात. तुमचा ३० मिनिटं खेळणारा मुलगा बाहेरून टाकतो असं नोंदीवरून दिसतं. त्याला हे काम देऊ नका. प्रेस फोडण्यात त्याचे पाय संपतील. त्याचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत यायला लागले, की समजा पाय संपले. नेम बिघडला असता तर बॉल डावी-उजवीकडे गेला असता.

बेंचवरच्या मुलांचे आकडे वाचतानाही जपा. १० मिनिटांत ४ गुण काढणारा ४० मिनिटांत १६ काढेल असं होत नाही. त्याची मिनिटं बहुतेक निकाल लागलेल्या सामन्यात, समोरच्यांच्या बेंचविरुद्ध मिळालेली असतात. त्याला २० मिनिटं द्याल तेव्हा ६ गुण धरा, आणि समोरचा पहिला गार्ड तो अडवू शकतो का, तेवढं पाहा.

उंच मुलगा शोधताना नुसती उंची मोजू नका. भिंतीला खेटून, टाचा जमिनीवर ठेवून, हात सरळ वर करून बोटाचं टोक कुठे पोचतं ते मोजा. रिंग ३.०५ मीटरवर असते. १८५ सेंटिमीटरचा लांब हातांचा मुलगा १९० च्या आखूड हातांच्या मुलापेक्षा रिबाउंडला जास्त उपयोगी पडतो. मग त्याला सलग तीन उड्या मारायला लावा. पहिली उडी सगळ्यांची चांगली असते; रिबाउंड दुसऱ्या-तिसऱ्या उडीत मिळतो.

आमचा अंदाज: दोन गार्ड पावसाळ्यातच नक्की झाले, टर्नओव्हर १८ च्या आत राहिले आणि फ्री थ्रो साठ टक्क्यांवर गेले, तर यंदाही उपांत्य फेरीच्या तोलाचा संघ आहे. गार्ड ऐन स्पर्धेच्या तोंडावर ठरवलात तर पहिला प्रेस करणारा संघ तुम्हाला घरी पाठवेल, मग ड्रॉ कसाही पडो.

दहावीपर्यंत शाळेकडून विभागीय स्पर्धेपर्यंत खेळलो. अकरावी-बारावी नीटच्या क्लासमध्ये गेली, दोन वर्षं बॉलला हात लावला नाही. आता लातूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. उंची ६ फूट २ इंच, वजन ६८ किलो. सर म्हणतात पोस्टला खेळ. बारा जणांत येईन का, आणि तयारी कशी करू?
— विद्यार्थी, लातूर

तुझ्यासारखी दोन वर्षं क्लासच्या बाकावर गेलेली मुलं लातुरात दरवर्षी येतात, त्यामुळे तू एकटा मागे पडला आहेस असं मानू नकोस. हाताची सवय आठ-दहा दिवसांत परत येते. वेळ लागतो तो घोटे, पोटऱ्या आणि नडगी यांना. या दोन वर्षांत तुझी उंचीही वाढली असणार, म्हणजे जुनी लय नव्या शरीरात बसवायची आहे.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड ये. रोजच्या सरावात उड्या मोजून साठच मार, आणि प्रत्येक वेळी दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतर. उतरताना गुडघे आत झुकत असतील तर उड्या कमी करून पायऱ्यांवर व्यायाम वाढव. एका पायावर उभं राहून टाच वर-खाली, पंधरा-पंधराचे तीन सेट, दोन्ही पायांचे. सिमेंटच्या मैदानावर पहिल्याच दिवशी पाच-पाचचा सामना खेळणाऱ्यांना तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला कळ सुरू होते. तशी कळ आली तर आठवडाभर उड्या आणि पळणं बंद. हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस.

तिसऱ्या आठवड्यापासून रिंगखाली मायकन ड्रिल कर. उजवीकडून उजव्या हाताने, बॉल जाळीतून पडताच खाली न आणता डावीकडून डाव्या हाताने, असं ३० सेकंद. चार फेऱ्या. सुरुवातीला दहा-बारा पडतील. अठरा पडायला लागले की तू पोस्टला उभा राहू शकतोस. बॉल हनुवटीच्या खाली आला की छोटा गार्ड तो हिसकावतो. विभागीय स्पर्धेत हे चाललं असेल, इथे चालणार नाही.

पाच-पाचचा खेळ पाचव्या आठवड्यापासून, आठवड्यातून तीन दिवस. तेव्हा एकाच गोष्टीवर लक्ष दे: कुणाचाही शॉट वर गेला की बॉलकडे बघत उभं न राहता आधी जवळच्या माणसाला पाठ लावायची, मग बॉल. ६८ किलोवर तुला ढकलतील, म्हणून खाली वाकून, पाय रुंद ठेवून पाठ लाव. मेसच्या जेवणात वजन वाढवायचं तर दोन अंडी किंवा मूठभर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि एक वाटी डाळ रोज वाढव. डब्यातल्या पावडरच्या मागे लागू नकोस.

फ्री थ्रो रोज पन्नास, दहा-दहाच्या गटात, प्रत्येक गटाआधी मैदानाला एक चक्कर मारून. किती लागले ते वहीत लिही. पोस्टला सर्वांत जास्त फाउल मिळतात आणि कॉलेज संघांचे पोस्टच तिथे सर्वांत कच्चे असतात. टाकण्यापूर्वी रेषा मोजून घे. ती बोर्डाच्या पुढच्या बाजूपासून ४.६० मीटरवर हवी. रिंगही मोजून घे, जुन्या मैदानांवर ती वाकलेली असते.

पळायचे बूट घालून खेळू नकोस. त्यांचा सोल उंच आणि मऊ असतो, बाजूला वळताना घोटा मुरगळतो. सपाट, रुंद सोलचे कोर्ट शूज घे.

बारा जणांत येशील का? १८८ सेंटिमीटर उंची असलेला, शिस्तीत आठ आठवडे सराव केलेला मुलगा आपल्या भागातल्या कॉलेज संघात बहुतेक ठिकाणी बसतो. पण सरांना एक विनंती कर: आठवड्यातून एक दिवस बाहेरून ड्रिबल करत यायचाही सराव द्या. विद्यापीठाच्या संघात तुझ्याहून उंच मुलं असतील, तिथे तुला फॉरवर्ड व्हावं लागेल.

आमच्या मुलींच्या संघात यंदा सातच जणी आहेत. संघ पाठवावा की या वर्षी थांबावं? कॉलेजात खो-खो खेळणाऱ्या मुली बऱ्याच आहेत.
— क्रीडा शिक्षिका, हिंगोली जिल्हा

ताई, पाठवाच. एक वर्ष संघ गेला नाही की पुढच्या वर्षी सातही राहत नाहीत.

नियमाने सामना सुरू व्हायला मैदानावर पाच जणी लागतात. नंतर फाउलने किंवा दुखापतीने संख्या घटली तरी दोघी उरेपर्यंत सामना चालतो. अडचण दमण्याची आणि फाउलची आहे. २०० मिनिटं सात जणींत वाटली तर प्रत्येकीला २८ च्या वर येतात. म्हणून खेळाचा वेग तुम्हीच कमी ठेवा. बॉल आणला की २४ सेकंदांतले पंधरा-सोळा वापरा. आयोजकांकडे शॉट क्लॉक आहे की टेबलवरून आवाजी मोजणी होणार, हे आधी विचारा. आवाजी मोजणीत मुली घाबरून दहाव्या सेकंदालाच शॉट टाकतात. टाइम आउट पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्यात तीन असतात. पहिल्या अर्ध्यातले दोन्ही वापरा, ते पुढे जमा होत नाहीत.

संरक्षण २-३ झोनचं ठेवा, म्हणजे दोघी पुढे, तिघी मागे, आणि प्रत्येकीने एकीच्या मागे न धावता आपली जागा राखायची. त्यात धावपळ कमी आणि फाउल कमी. झोनमध्ये कोपऱ्यातून आणि फ्री थ्रो रेषेजवळच्या मधल्या जागेतून मार बसतो. या पातळीवर कोपऱ्यातून सातत्याने टाकणाऱ्या मुली थोड्या असतात, म्हणून मधली जागा आधी बंद करा. झोनचा दुसरा दोष रिबाउंडचा: कुणी कुणाला पाठ लावायची हे ठरलेलं नसतं. शॉट गेला की आपल्या सर्वांत जवळची, असा सरळ नियम घालून द्या.

फाउलचा हिशेब कागदावर ठेवा. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन झाले की ती मुलगी दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यापर्यंत बाहेर. सर्वांत वाया जाणारा फाउल कोणता माहीत आहे? आपला शॉट चुकल्यावर, बॉल समोरचीच्या हातात गेलेला असताना, रागाने मागून हात घालून केलेला. सात जणींच्या संघाला तो परवडत नाही. सरावात त्याला दंड लावा.

खो-खोच्या तिघी जरूर घ्या. आपल्या भागात खो-खो किती वरच्या दर्जाचा आहे हे वेगळं सांगायला नको, धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला आहे. या मुलींचं दिशा बदलणं आणि खाली वाकून धावणं बास्केटबॉलच्या बहुतेक मुलींपेक्षा सरस असतं. त्यांचं अडतं बॉल पकडून थांबण्यावर: वेगात पकडतात, तीन पावलं टाकतात आणि ट्रॅव्हलिंगची शिट्टी होते. तीन आठवडे रोज पंधरा मिनिटं एवढंच घ्या: धावत येणं, बॉल हवेत पकडणं, दोन्ही पायांवर एकदम उतरणं, एक पाय खिळवून फिरणं, पास देणं. ड्रिबल शिकवायच्या नादी लागू नका, तेवढा वेळ नाही. सामन्यात त्यांना झोनच्या पुढच्या दोन जागी उभं करा, प्रत्येकीला पाच-सहा मिनिटं. तेवढ्याने तुमच्या मुख्य गार्ड श्वास घेतील. खो-खोच्या स्पर्धेच्या तारखा मात्र आधी पाहून घ्या.

आणि मुलींचा सराव ६ नंबरच्या बॉलनेच घ्या. जिमखान्यात मुलांचा ७ नंबर पडलेला असतो म्हणून तोच वापरतात. मग मुली कमरेतून जोर लावून फेकायला शिकतात आणि सामन्यात हलका बॉल बोर्डाच्या वरून जातो. सराव सकाळी ठेवता आला तर बरं. संध्याकाळी एसटीची वेळ झाली की गावच्या मुली अर्ध्यातून जातात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

संघातले तिघे पोलीस भरतीची तयारी करतात. पहाटे पळतात, दम भरपूर आहे. पण जाहिरात निघाली की सरावाला येत नाहीत. त्यांना संघात धरावं का?
— संघ कर्णधार, नांदेड

धरा, पण त्यांची मिनिटं निम्मी धरा आणि बॉल आणायचं काम त्यांच्यावर सोपवू नका. घर चालवायला नोकरी लागते. ज्या दिवशी मैदानी चाचणीची तारीख लागेल त्या दिवशी ते जाणार, आणि त्यांनी गेलंच पाहिजे. तुम्ही आधीच तसं ठरवलं असेल तर कुणाचा कुणावर राग राहत नाही.

दमाबद्दल एक सांगतो. मुलांच्या भरतीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. ही सगळी सरळ रेषेतली ताकद. बास्केटबॉलमध्ये थांबणं, वळणं आणि आडवं सरकणं जास्त. मैदानाच्या १५ मीटर रुंदीत या रेषेपासून त्या रेषेपर्यंत सतरा वेळा पळायला लावा, एकूण २५५ मीटर. गार्डने हे ६५ सेकंदांच्या आत करावं. भरतीची मुलं मधल्या अंतरात पुढे असतात आणि वळताना मागे पडतात, हे तुम्हाला तिथेच दिसेल. रोज दहा मिनिटं आडव्या सरकण्याचा सराव त्यांना द्या, तो त्यांच्या घोट्यांनाही उपयोगी पडेल. सामन्यात त्यांना फास्ट ब्रेकला धावू द्या आणि समोरच्या सर्वांत चपळ गार्डवर सोडा.

सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या पातळीची कामगिरी चालते हे शासन निर्णयात ठरलेलं आहे. कॉलेज संघाचं प्रमाणपत्र मिळेल आणि काम होईल, अशा समजुतीवर कुणी राहू नये. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एकदा जाऊन विचारा.

नांदेड विद्यापीठातून एक चांगला शूटर बदली होऊन छत्रपती संभाजीनगरला आमच्या कॉलेजात आला आहे. त्याला संघात धरून आखणी करू का?
— प्रशिक्षक, छत्रपती संभाजीनगर

त्याचे कागद हातात येईपर्यंत आखणी त्याच्याविना करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र, यंदाची प्रवेश पावती आणि ओळखपत्र जमा करा, आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून पात्रता लेखी घ्या, तोंडी नको. प्रवेश पूर्णवेळ नियमित अभ्यासक्रमाला हवा. वयोमर्यादा आणि बारावीनंतरची वर्षं हेही पाहतात. अपात्र खेळाडू खेळला असं नंतर निघालं तर जिंकलेले सामनेही जातात, आणि बाकीच्या अकरा जणांचं वर्ष वाया जातं. तो पात्र ठरला तर शूटरची २० मिनिटं त्याला देता येतील. तोवर ती मिनिटं दुसऱ्या कुणाला तरी देऊन त्याला तयार करत राहा.

पावसाळ्यात आमचं उघडं मैदान निसरडं होतं, महिनाभर सराव बुडतो. आणि नोंदी ठेवायच्या म्हणजे नेमकं काय लिहायचं? आमच्याकडे फक्त गुणांची शीट असते.
— शारीरिक शिक्षण संचालक, परभणी जिल्हा

सिमेंटवर शेवाळ धरलं असेल तर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण सुकल्याशिवाय कुणालाही पळू देऊ नका. पावसाचे दिवस वऱ्हांड्यात किंवा सभागृहात काढता येतात. जागेवरचं ड्रिबल डाव्या हाताने, भिंतीवर पास, पाय फिरवणं, पाठ लावणं, बेसलाइनवरून बॉल आत टाकायच्या दोन-तीन चाली, यांना रिंग लागत नाही. सिमेंटवर रबरी बॉल वापरा, चामड्याचा महिन्यात गुळगुळीत होतो. पण स्पर्धेआधीचे दोन आठवडे सामन्यात असेल तसाच बॉल घ्या. पकड वेगळी लागते आणि पहिल्या क्वार्टरचे पास हातातून निसटतात.

नोंदींसाठी दोन विद्यार्थी पुरतात. एकाने सामना बघत बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. एकट्याला जमत नाही, मान खाली घातली की बॉल पुढे गेलेला असतो. एका कागदावर अर्ध्या मैदानाचा आराखडा काढा. जिथून शॉट घेतला तिथे खेळाडूचा क्रमांक, लागला तर त्याभोवती गोल, चुकला तर त्यावर फुली. ६.७५ मीटरची तीन गुणांची रेषा त्यात हवीच, कोपऱ्यात ती थोडी जवळ येते. दुसऱ्या कागदावर फ्री थ्रो, पुढचे (आपल्या चुकलेल्या शॉटवरचे) आणि मागचे (समोरच्यांच्या चुकलेल्या शॉटवरचे) रिबाउंड वेगळे, फाउल आणि टर्नओव्हर. टर्नओव्हरपुढे कारण एका अक्षरात लिहा: पास चुकला, पावलं झाली, बॉल हिसकावला, वेळ संपला. पास चुकून गेलेले जास्त असतील तर उपाय पास घेणाऱ्यावर करावा लागतो, तो जागेवर उभा राहतो म्हणून पास अडतो. हिसकावलेले जास्त असतील तर गार्डचा डावा हात कच्चा आहे.

अमेरिकन विश्लेषक डीन ऑलिव्हर यांनी सामना ठरवणाऱ्या चार गोष्टींना अंदाजे भार दिला आहे: शॉटची अचूकता ४० टक्के, टर्नओव्हर २५, रिबाउंड २०, फ्री थ्रो १५. तो भार व्यावसायिक खेळाडूंच्या खेळावरून काढलेला आहे. आपल्या कॉलेज सामन्यांत टर्नओव्हर इतके असतात, की त्यांना आम्ही शॉटच्या बरोबरीने मोजतो. अचूकता काढताना तीन गुणांच्या शॉटला दीडपट धरा: लागलेले एकूण शॉट, अधिक लागलेल्या तीन गुणांच्या शॉटच्या निम्मे, भागिले घेतलेले शॉट.

मिनिटांसाठी प्रत्येक बदलाला घड्याळातली वेळ लिहा, आत कोण, बाहेर कोण. सामना संपल्यावर मैदान सोडण्याआधी ताळा घ्या. गुण अधिकृत शीटशी जुळले पाहिजेत आणि मिनिटांची बेरीज २०० आली पाहिजे. १९७ आली तर कुणाचा तरी बदल लिहायचा राहिला आहे. मुलं तिथेच बूट सोडत बसलेली असतात, तेव्हाच विचारून घ्या. रात्र गेल्यावर कोण कधी आत गेलं हे कुणालाच आठवत नाही.